छोट्या हत्तीच्या केबिनमधला वरचा कप्पा : पुठ्ठ्याच्या साच्यापासून एफसीपर्यंत

छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान पिकअपच्या केबिनमध्ये सामान ठेवायला जागा नसते, आणि त्याचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. इंजिन बैठकीच्या खाली असते, बैठकीची पाठ मागच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेली असते, आणि दोन माणसे बसली की मध्ये जेमतेम एका पिशवीपुरती फट उरते. रिकामी म्हणावी अशी जागा एकच राहते, ती म्हणजे पुढच्या काचेच्या वर, टपाखाली. त्या जागेत कप्पा बसवून घेण्याचे काम आम्ही एप्रिल ते जुलै २०२४ या काळात पूर्ण केले. काम मोठे नाही, पण विचारायला गेलो तेव्हा प्रत्येकाने वेगळे सांगितले, म्हणून घडले तसे लिहून ठेवतो.

आमची गाडी कडोलीहून बेळगावच्या एपीएमसीत भाजी नेते आणि आठवड्यातून काही दिवस जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट या मार्गाने गोव्यात साखळी आणि म्हापशाला जाते. गाडी धाकटा भाऊ चालवतो. हिशेब, कागदपत्रे आणि अधूनमधून सोबत हे माझे काम. ताज्या भाजीला मालवाहतुकीचे ई-वे बिल लागत नाही, तरीही आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा, एफसी (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र), एमिशन (धुराच्या तपासणीचा दाखला), परवाना, बाजारातल्या पट्ट्या आणि शेतकऱ्यांच्या पावत्या एवढे कागद गाडीत असतातच. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधली कागदपत्रे मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरली जातात हे खरे, पण घाटात नेटवर्क जाते आणि तपासणी नेमकी तिथे होते. हे सारे डॅशबोर्डवर ठेवले की वळणावर घसरते. एकदा भावाच्या रेनकोटची पिशवी घसरून ब्रेकच्या पेडलपाशी गेली, तेव्हा हा प्रश्न नुसत्या सोयीचा राहिला नाही.

काम सुरू करण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहिली, कारण जुलैमध्ये एफसीचे नूतनीकरण होते आणि बसवलेला कप्पा तपासणीच्या वेळी काढावा लागला असता तर सगळा खर्च वाया गेला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली आहे. म्हणून आरसी समोर ठेवून एकेक तपशील तपासला : गाडीची लांबी-रुंदी, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, इंधन, रिकाम्या गाडीचे वजन. केबिनच्या आत बोल्टने बसवलेल्या आणि बोल्ट सोडून काढता येणाऱ्या पाचेक किलोच्या कप्प्याने यातले काही बदलत नाही, असे माझे मत झाले. पण माझ्या मताला एफसीच्या मैदानात किंमत नाही, म्हणून २२ एप्रिलला परिवहन कार्यालयात लेखी विचारणा केली.

अर्ज कन्नडमध्ये दिला. मला कन्नड वाचता येते, पण सरकारी कन्नड लिहिण्याइतका सराव नाही, म्हणून कार्यालयाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात मजकूर सांगून टाइप करून घेतला. झेरॉक्ससह १२० रुपये झाले. अर्जाला आरसीची प्रत आणि कप्प्याचे हाताने काढलेले, मापे लिहिलेले चित्र जोडले. अशा अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मागून घ्यावा. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचा पुढे कुठेच मागमूस राहत नाही. बेळगाव आणि चिक्कोडी मतदारसंघांत ७ मे रोजी लोकसभेचे मतदान होते, त्यामुळे बरेच कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होते आणि भेट मिळाली ती मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. निरीक्षकांनी चित्र पाहून सांगितले की नोंदणीतला तपशील बदलत नसल्याने आरसीवर वेगळी नोंद करावी लागणार नाही. मात्र चालकाच्या दृष्टीआड काही येता कामा नये, धारदार कडा नसावी आणि बेल्टच्या जागेला हात लावू नये, या तीन गोष्टी तपासणीत पाहिल्या जातील. लेखी उत्तर मिळाले नाही. त्या तीन गोष्टी मी तिथेच अर्जाच्या मागे तारखेसह लिहून घेतल्या. दुसऱ्या कार्यालयात याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळू शकते, तेव्हा माझ्या उत्तरावर विसंबून न राहता आपापल्या ठिकाणी विचारावे.

याच सुमारास विमा कंपनीलाही ईमेल केला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आले की माहितीची नोंद घेतली आहे, आणि कप्प्याचे मूल्य विम्यात धरायचे असेल तर बिलासह वेगळा अर्ज करावा. तीन-साडेतीन हजारांच्या वस्तूसाठी तो खटाटोप मी केला नाही, पण ईमेलची छापील प्रत पॉलिसीला जोडून ठेवली.

परवानगीची वाट पाहण्यात गेलेला काळ मोजमापासाठी उपयोगी पडला, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते असे कोणी विचारले तर मी मोजमापच सांगेन. बाजारात तयार कप्पे मिळतात, पण ते मोठ्या ट्रकच्या मापाचे असतात. फॅब्रिकेशनवाला टेप लावतो ती रिकाम्या केबिनला, आणि त्याला जी जागा रिकामी दिसते त्यातली बरीचशी चालकाच्या डोक्याची असते. सरळ बसल्यावर माझ्या डोक्यापासून टपापर्यंत सात इंच अंतर भरले. भाऊ उंच असल्याने त्याचे साडेपाच. पण सरळ बसून गाडी कोण चालवतो? पावसाळ्यात चोर्ला घाटात धुके उतरले की चालक स्टिअरिंगवर छाती टेकवून काचेपाशी तोंड नेतो. गतिरोधकावर माणूस बैठकीवरून उचलला जातो, आणि जोराचा ब्रेक लागला की बेल्ट असूनही डोके पुढे झेपावते. म्हणून भावाला धुक्यात वाकतो तसा वाकायला सांगितले, त्याच्या कपाळासमोर टेप धरली, आणि तिथून एक वीत मोकळी सोडून कप्प्याची मागची कडा ठरवली. त्याला बारा इंच खोल कप्पा हवा होता, कारण त्यात ताडपत्रीही मावली असती. हिशेबात नऊच इंच बसले. ताडपत्री मागे हौद्यातच राहिली, आणि ती तिथेच बरी.

सफरचंदाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून ४४ इंच लांब, ९ इंच खोल आणि ४ इंच उंच असा साचा केला आणि चिकटपट्टीने टपाला लावून गाडी नेहमीच्या कामाला जाऊ दिली. पुठ्ठा डोक्याला लागला तर इजा होत नाही, आणि जे कागदावर कळत नाही ते पुठ्ठ्याने कळते. बेळगावात चन्नम्मा चौकात थांबरेषेवर उभे राहिल्यावर उंचावरचा सिग्नल पाहायला मान किती वाकवावी लागते, हे त्यामुळेच समजले. घाटात त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसली : चढाच्या तीव्र वळणावर वरून उतरणारी गाडी काचेच्या वरच्या पट्ट्यातूनच आधी दिसते. साच्याचा पुढचा तळ काचेच्या वरच्या कडेच्या एक इंच खाली येत होता, तेवढा इंच उचलून घेतला, त्यामुळे पुढच्या बाजूला कप्प्याची उंची तीनच इंच उरली. सन व्हायझर पूर्ण खाली वळतो का, टपाच्या दिव्याचे बटण हाताला येते का, आणि दार उघडून उतरताना खांद्याला कोपरा लागतो का, हेही साचा असतानाच पाहून घ्यावे. पुठ्ठा सुरीने कापता येतो, पाइप कापायला पुन्हा दुकानात जावे लागते.

साहित्य निवडताना वजनाचा विचार पुढे ठेवला. बारा मिलिमीटरचे प्लाय भक्कम वाटते, पण या मापाला त्याचे वजन दोन किलोंच्या वर जाते. दोन सुती, म्हणजे सहा मिलिमीटरचे पाण्यात टिकणारे प्लाय साधारण एका किलोत बसते आणि खाली सांगाडा असल्यावर ते पुरते. सांगाड्यासाठी पाऊण इंची, अठरा गेजचा चौकोनी लोखंडी पाइप घेतला. अॅल्युमिनियम निम्म्याहून हलके पडले असते, पण ते वेल्ड करणारा मिस्त्री जवळपास नव्हता आणि नुसत्या रिव्हेटवर घाटाच्या हादऱ्यांचा भरवसा मला वाटला नाही. पाइप आणि पट्टी मिळून ४१० रुपये, प्लायचा उरलेला तुकडा २५०, नट-बोल्ट आणि रबरी वॉशर १९०, प्रायमर आणि रंग १८०.

५ जूनला गाडी उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात नेली. मिस्त्री मराठी-कन्नड मिसळून बोलणारे, वयाने मोठे आणि कामात तरबेज. त्यांनी साचा पाहिला, मान डोलावली आणि लगेच म्हणाले, "हे काय अर्ध्या तासाचं काम. दोन्ही बाजूंनी केबिनलाच वेल्डिंग मारून देतो की, जन्मभर हलायचं नाही."

"मामा, वेल्डिंग बाहेर टेबलावर करा. केबिनला नुसते बोल्ट लावायचे," मी म्हणालो.

"बोल्ट ढिले होतात हो घाटात."

"नायलॉक नट लावू आणि महिन्याला आवळू."

नायलॉक म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला, सहज ढिला न होणारा नट. मिस्त्रींना ते फारसे पटले नाही, पण साच्यामागे माझी मापांची वही पाहून त्यांनी वाद घातला नाही. केबिनला थेट वेल्डिंग नको असण्याची माझी कारणे अशी होती. पत्रा पातळ असतो, वेल्डिंगने मागच्या बाजूचा रंग जळतो आणि खानापूरच्या पावसात तिथूनच गंज धरतो. टपाच्या दिव्याची वायर त्याच पोकळीतून जाते. वेल्डिंगचा प्रवाह गाडीच्या पत्र्यातून फिरला तर अल्टरनेटर बिघडू शकतो, आणि नव्या गाड्यांमध्ये ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, तोही धोक्यात येतो. कोणाला गाडीवर वेल्डिंग करावेच लागले तर निदान बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी शेजारी लावावा. शिवाय वेल्ड केलेला कप्पा काढता येत नाही, आणि काढता येण्यावरच तर माझी कायद्याची बाजू उभी होती.

कप्पा कशाला धरायचा, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो योग्यच होता. टपाचा बाहेरचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्यात स्क्रू मारला तर तो काही दिवसांत भोक मोठे करून सैल होतो, आणि वरून पाणी आत येते ते वेगळेच. भार घ्यायचा तो आतल्या सांगाड्याने. काचेच्या वर आडवी जाणारी दुहेरी पत्र्याची पट्टी, सन व्हायझरच्या मूळ स्क्रूंच्या जागा, डावीकडच्या हँडलचे दोन बोल्ट आणि दोन्ही बाजूंच्या खांबांचा वरचा आतला भाग, एवढ्या जागा आम्हाला मिळाल्या. बेल्ट जिथे खांबाला बांधलेला असतो तो बोल्ट सोयीचा दिसतो, पण त्यात वॉशरसुद्धा वाढवायचा नाही हे मी मिस्त्रींना सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. जिथे मूळ भोके नव्हती तिथे आतल्या पत्र्याला छिद्र पाडून सहा मिलिमीटरचे रिव्हेट नट, म्हणजे पातळ पत्र्यात दाबून पक्के बसणारे नट, बसवले. ड्रिलचे बिट आतला पत्रा भेदून बाहेरच्या पत्र्यापर्यंत जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी बिटावर लाकडाची छोटी नळी चढवली आणि टोक फक्त दोन सूत बाहेर ठेवले. ही युक्ती त्यांचीच. प्रत्येक छिद्राची कडा घासून तिला प्रायमर लावला, दिव्याची वायर प्लॅस्टिकच्या नळीतून घेतली आणि लोखंड पत्र्याला टेकते तिथे रबर घातले. रबर नसेल तर पहिल्याच खडबडीत रस्त्यावर कप्पा वाजू लागतो, आणि तो आवाज कुठून येतो हे शोधण्यात फार वेळ जातो.

मजुरी १,२०० रुपये ठरली होती, तेवढीच घेतली. रंग दमट हवेमुळे लवकर वाळेना, म्हणून सांगाडा दोन रात्री दुकानातच ठेवावा लागला. पाऊस लागण्याआधी, एप्रिल-मेमध्ये हे काम करणे केव्हाही बरे.

८ जूनला कुशनवाल्याकडे गेलो. मागच्या कडेला जाड फोम आणि त्यावर रेक्झिन, आत पातळ फोम, आणि टपाच्या बाजूला उष्णता अडवणारा चंदेरी थराचा फोम, असे काम ९५० रुपयांत झाले. मागच्या कडेला दोन इंचांचा उभा काठ ठेवला होता, कारण चढावर आणि गाडी सुटताना वस्तू चालकाकडे सरकतात. त्यावर १५० रुपयांची लवचीक जाळी हुकांनी लावली. लाकडी झाकणाचा विचार सोडून दिला. झाकण उघडे राहिले तर त्याची कडा डोळ्यांच्या रेषेत येते. अर्ज आणि झेरॉक्सचे पैसे धरून एकूण खर्च ३,४५० रुपये झाला.

वापर सुरू करण्यापूर्वी कप्प्यात बारा किलो बटाटे पसरून रात्रभर ठेवले. सकाळी बोल्ट पाहिले, सांगाडा कुठे लवला आहे का ते सुतळी ताणून पाहिले, मग बटाटे काढून चार किलो सामान भरले आणि मोकळ्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावून पाहिला. पुढची मर्यादा आम्ही चार किलोंचीच ठेवली आहे. भाजीचा काटा घरात असल्याने वजन करणे अवघड नाही. या बाबतीत भावाचे आणि माझे पुष्कळ दिवस जुंपले होते. जागा दिसली की माणूस भरतो, हा त्याचाही स्वभाव आणि माझाही. शेवटी काय ठेवायचे याऐवजी काय ठेवायचे नाही हे ठरवले आणि ते सोपे गेले. जॅक, पाने, पाण्याची बाटली, स्टीलचा डबा यांतले काहीही वर जात नाही, कारण धडक बसली तर त्या प्रत्येक वस्तूचा दगड होतो. उन्हात टप तापतो, म्हणून लायटर, सॅनिटायझर, स्प्रेचा डबा आणि पॉवर बँकही नाही. उरले ते कागदांचे पाकीट, पावती पुस्तके, रेनकोट, टॉवेल, प्रथमोपचाराची पेटी, फ्यूज आणि बल्ब, लहान टॉर्च. कागदांचे पाकीट डावीकडे, म्हणजे शेजारी बसलेल्याच्या हाताला येईल असे ठेवतो. एकटा चालक असेल तर त्याने गाडी थांबवूनच हात वर न्यावा, हा नियम भाऊ पाळतो असे तो सांगतो.

खरी परीक्षा पावसाने घेतली. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीच्या परिसरात जूनच्या उत्तरार्धात पाऊस दिवसदिवस थांबत नाही. बाहेरून पाणी कुठूनही आले नाही, पण केबिनमध्ये दोन माणसांचा श्वास आणि ओले कपडे यांमुळे टपाच्या आतल्या बाजूला दव धरू लागले आणि कागदांना कुबट वास आला. प्लायच्या तळाला अर्ध्या इंचाची काही भोके पाडून वरचे रेक्झिन तेवढ्यापुरते कापले, कागद चेनच्या प्लॅस्टिक पाकिटात घातले, आणि ओला रेनकोट वर ठेवणे बंद केले. त्यानंतर वास गेला. घाटातून आल्यावर बोल्ट तपासले तेव्हा डावीकडचा एक पाव फेरा फिरला. बाकीचे जागचे हलले नव्हते. हे मिस्त्रींना मुद्दाम जाऊन सांगितले, तेव्हा ते फक्त म्हणाले, "बघू की, वर्षभरानं या."

गाडीची नोंदणी जुलै २०१६ ची असल्याने १२ जुलैला एफसीसाठी नेली. ब्रेक, दिवे, हॉर्न, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, टायर हे सगळे नेहमीप्रमाणे झाले. निरीक्षक वेगळे होते, मेमध्ये भेटलेले नव्हते. त्यांनी चालकाच्या जागी बसून काचेतून पाहिले, कप्प्याच्या कडेवरून हात फिरवला आणि हे कधी बसवले, असे विचारले. मी आवक शिक्क्याची प्रत दिली. त्यांनी ती वाचली, उजव्या कोपऱ्यातल्या बोल्टचे उघडे टोक दाखवले आणि त्याला टोपी घाला असे सांगितले. समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात अशा प्लॅस्टिकच्या टोप्या दहा रुपयांना पाकीटभर मिळतात. घालून परत आलो आणि एफसी झाली. गाडीला आठ वर्षे पूर्ण झाल्यामुळे यापुढे दोन वर्षांऐवजी दरवर्षी तपासणीला यावे लागेल, त्यामुळे शिक्क्याच्या प्रतीची आणखी एक झेरॉक्स काढून घरच्या फाइलमध्येही ठेवली आहे.

गावातल्या दोघा-तिघांनी साचा मागितला आहे. तो देतो, पण सोबत सांगतो की त्यांच्या गाड्यांचे वर्ष वेगळे आहे, व्हायझरच्या भोकांची जागा वेगळी निघते आणि चालकांची उंचीही वेगळी, तेव्हा त्यावरून थेट पाइप कापायला देऊ नये. एकाने आमची नऊ इंच खोली आपल्या केबिनमध्ये धरून पाहिली तर कडा त्याच्या कपाळापासून चारच बोटे राहिली. त्याच्या गाडीत सहा इंचांचाच कप्पा बसणार आहे, आणि फक्त कागदांसाठी तो पुरेल असे त्याचेही म्हणणे आहे.